मज्जेला ताप

मलकापूरहून निघालेली बस मोताळ्याच्या थोडी अलीकडे पंक्चर झाली. पुण्याहून रात्रभर रेल्वेत बसून आलेल्या धम्मशीलाला इतका वेळ काही वाटलं नव्हतं, पण घर असं हाकेच्या अंतरावर आलं आणि गाडीनं बसकण मारली, तेव्हा मात्र तिचा राग नाकाच्या शेंड्यावर आला. ती उतरली आणि रस्त्याकडेच्या कडुलिंबाखाली जाऊन उभी राहिली. दोन्ही अंगांना सोयाबीन पिवळं पडून कापणीला आलं होतं. सप्टेंबर सरत आला तरी ऊन काही ऐकायला तयार नव्हतं.

झाडाखाली एक आजी आधीच पिशवीवर ठाण मांडून बसल्या होत्या. आपल्याकडे अनोळखी पोरीला विचारायचे प्रश्न ठरलेले असतात. कोणाची, कुठली, किती शिकली, आणि मग तो शेवटचा, ज्याच्यासाठी आधीचे सगळे विचारलेले असतात. आजींची गाडी तिसऱ्यावर आली.

"अन् आता काय शिकून राह्यली?"

"पीएचडी करते, आजी. अस्थिमज्जेवर."

आजींनी सगळं कळल्यासारखी मान हलवली. पण झाडाच्या पलीकडून आवाज आला, "मज्जेवर?"

धम्मशीलानं वळून पाहिलं. दोन मोठे खोके मांडीवर घेऊन एक सडपातळ पोरगा दगडावर बसला होता. चेहरा अगदी गंभीर. फक्त डोळे तेवढे गंभीर राहायला तयार नव्हते.

"नाई, विचारून राह्यलो," तो म्हणाला. "मज्जा कराले सरकार पैसे देते, हे आमाले माहीतच नव्हतं."

"हाडाच्या आतली मज्जा," ती चिडून म्हणाली. "रक्त तयार होतं ती."

"हाव का. अन् त्या मज्जेचं तुमी काय करता?"

रात्रभराची झोप नाही, वर ऊन, आणि त्यात हा. धम्मशीलाच्या तोंडून निघून गेलं, "तिला ताप देते."

तो इतका मोकळा हसला, की आजीसुद्धा उगाच हसल्या. "मंग बरोबर हाय. मज्जेले ताप देनारे आमच्या गावात बी लय हायेत. पन त्याईले कोनी पीएचडी नाई देली."

आता तिलाही हसू आवरेना. आणि एकदा हसल्यावर चिडून राहणं जमत नाही. म्हणून तिनं सरळ सांगितलं, की रक्ताचा कॅन्सर झालेल्या माणसाच्या मज्जेत चांगल्या पेशी असतात आणि कॅन्सरच्याही. ती मज्जा बाहेर काढून, बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीच्या गरम पाण्यात भांडं ठेवून तासाभरासाठी तापवली, तर कॅन्सरच्या पेशी आधी मरतात आणि चांगल्या बऱ्याचशा तग धरतात. मग ती स्वच्छ झालेली मज्जा त्याच माणसाला परत देता येईल का, हे शोधायचं. अजून सगळं प्रयोगशाळेतच आहे.

त्यानं मांडीवरचे खोके जरा सावरले. हसणं थांबलं होतं, पण डोळ्यांत काहीतरी जागं झालं होतं.

"बेचाळीस म्हनता? आमच्या मलकापुरात मे महिन्यात पंचेचाळीस राह्यते. मंग तं मलकापूरवाल्याले कॅन्सर व्हालेच नाई पाह्यजे. काऊन होते मंग?"

ती उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात कंडक्टरनं हाक दिली. चाक बसलं होतं. सगळे पळाले. तो खोके सांभाळत पुढच्या दारानं चढला आणि मागं वळून म्हणाला, "याचं उत्तर राह्यलं बरं का."

खोक्यांवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं — संघपाल फोटो स्टुडिओ, मोताळा.

धम्मशीलाचे बाबा, पंजाबराव, निवृत्त शिक्षक. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि लेकीनं प्रबंध लिहायला घरी यावं हा आग्रह बाबांचाच. लिहायला पुणंच कशाला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. खरं कारण वेगळं होतं. मुलगी इथं असली, की स्थळं दाखवायला सोपं. धम्मशीलाला ते ठाऊक होतं, आणि तिला ते ठाऊक आहे हे बाबांनाही ठाऊक होतं. दोघंही त्याबद्दल बोलत नव्हते.

प्रबंध उघडून ती बसायची खरी, पण दोन ओळी झाल्या, की कानात आवाज यायचा — काऊन होते मंग? उत्तर अवघड मुळीच नव्हतं. अडचण एवढीच, की ते द्यायचं राहिलं होतं. आणि राहिलेली गोष्ट माणसाला स्वस्थ बसू देत नाही.

शेवटी तिला आठवलं, की आपल्याला फोटो काढायचेत. फोटोची गरज होती, हे खोटं नाही. पण पासपोर्टच्या फोटोसाठी कोणी निळा कुर्ता दोनदा इस्त्री करत नाही.

ती स्टुडिओत शिरली. बसमधला तो पोरगाच संघपाल होता. त्यानं तिला पाहिलं आणि नमस्कार-चमत्कार काही न करता स्टुलाकडे बोट दाखवलं. "बसा. हनुवटी खाली… थोडी अजून. आता इकडं पाहा."

"कुठं?"

"कॅमेऱ्याकडं. माह्याकडं पाहून राह्यल्या तुमी."

धम्मशीलाचे कान तापले. ते लपवायला तिनं घाईघाईनं उत्तर काढलं. "आपल्याला घाम येतो. बाहेर पंचेचाळीस असले, तरी शरीर आतलं सदतीस सोडत नाही. हाडाच्या आत तर नाहीच. म्हणून मलकापूरच्या उन्हाचा उपयोग नाही."

"म्हंजे आपल्या आंगात कूलर हाय."

"हो."

"अन् तुमच्या भांड्यातल्या मज्जेले कूलर नाई."

"नाही. ती बिचारी एकटी असते."

तो कॅमेरा खाली ठेवून तिच्यासमोर बसला. "आता दुसरं सांगा. तापाले काय समजते, कोनती पेशी चांगली अन् कोनती वाईट?"

असे प्रश्न तिला आजवर कुणी विचारले नव्हते. पुण्यातले लोक विचारायचे ते अनुदान कधी येणार आणि पेपर कधी छापणार. तिनं त्याला विरजणाचं सांगितलं. दूध फार ऊन असलं तर विरजण मरतं, दही लागत नाही. म्हणजे जिवंत गोष्टीची उष्णता सोसायची एक हद्द असते. चांगल्या मूळ पेशीची हद्द जरा वर, कॅन्सरच्या पेशीची जरा खाली. त्या दोन हद्दींच्या मधे एक अरुंद जागा आहे. तिचं सगळं काम त्या जागेत चालतं.

"पन काऊन? तिची हद्द खाली काऊन?"

"ते…" ती थांबली. "थोडंफार कळलंय. पूर्ण कुणालाच नाही."

"तुमाले बी नाई?"

"मला पण नाही."

त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, जसं काही तिनं त्याला बक्षीस दिलं. "मंग तुमी माह्यासारख्याच हाय."

फोटो त्या दिवशी नीट आलेच नाहीत, असं तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी लाइट बरोबर नव्हता. नंतर कधीतरी लाइटही बरोबर होता आणि फोटोही चांगले होते, तरी ती गेलीच. स्टुडिओच्या मागंच घर होतं. त्याची आई, बेबीताई, ताकाचा पेला आणून द्यायच्या आणि दारातून दोघांकडे पाहत उभ्या राहायच्या. त्यांच्या नजरेत माया होती आणि आणखी काहीतरी, ज्याला धम्मशीलानं तेव्हा नाव दिलं नाही. 'तुमी'चं 'तू' कधी झालं, हे दोघांनाही सांगता आलं नसतं.

अख्ख्या तालुक्याच्या लग्नांचे फोटो त्यानं काढले होते. भिंतीवर नवरा-नवऱ्या ओळीनं लटकत होते.

"आणि तुझं लग्न?" तिनं एकदा विचारलं. विचारताना पेल्यात पाहत होती.

"माहे फोटो कोन काढीन?" तो म्हणाला, आणि लगेच दुसरा प्रश्न पुढं केला. हे त्याचं नेहमीचं होतं. मज्जेबद्दल विचारून विचारून भंडावून सोडायचा, पण स्वतःबद्दल विचारलं की सुळकन निसटायचा. धम्मशीलाला वाटायचं, हा लाजतो. तिला तो आवडला होता. आता उगाच आडपडदा कशाला — फार आवडला होता. आणि हे मज्जेचे प्रश्न म्हणजे आपल्याला जवळ बसवून ठेवायची युक्ती आहे, असं समजून ती मनातल्या मनात सुखावत होती.

सोयाबीन काढून झालं. पंजाबरावांनी आपलं पीक घरासमोरच्या मोकळ्या जागेत वाळायला पसरलं. दुपारी आभाळ भरून आलं. परतीचा पाऊस म्हणजे जाता जाता मागं वळून टोमणा मारणारा पाहुणा. बाबा ताडपत्रीचं एक टोक धरून आरडाओरडा करत होते, धम्मशीला दुसऱ्या टोकामागं धावत होती आणि वारा दोघांनाही दाद देत नव्हता. तेवढ्यात आभाळ पाहून संघपाल स्टुडिओतून धावत आला. त्यानं ढीग ओढला, ताडपत्री टाकली, दगड ठेवले. बाबा पोती बघायला घरात गेले आणि हे दोघं ढिगाच्या आडोशाला दोर बांधत बसले. थेंब ताडपत्रीवर ताडताड वाजत होते.

दोराची गाठ त्याच्या हातात, टोक तिच्या हातात. गाठ बांधायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ ते हात तिथंच राहिले. तिच्या भिजल्या केसाची बट डोळ्यांवर आली होती. त्यानं ती बाजूला केली नाही, नुसती फुंकर घातली. 

"शीला… एक विचारू?"

"विचार ना." तिला वाटलं, आता तो प्रश्न येणार.

"ज्या मज्जेले ताप देलाच नाई… तशीच परत देली मान्साले, तं?"

पुन्हा मज्जा. ती हसलीच. थोडी हिरमुसली आणि म्हणून जास्तच हसली. गाठ ओढता ओढता म्हणाली, "तर काय, चोरासकट घर परत. एखादी जरी पेशी लपून राहिली, तरी ती सावकाश पुन्हा संसार मांडते."

त्याचा हात दोरावरून निघाला. तिनं पाहिलं, तर तो पावसाकडे बघत होता.

"बांधली गाठ," तो म्हणाला. "येतो मी." आणि त्याच पावसात, घाई न करता, चालत निघून गेला.

नंतर स्टुडिओचं शटर खालीच. फोन लागायचा, कुणी उचलायचं नाही. धम्मशीलाला आधी काळजी वाटली, मग राग आला, मग स्वतःचीच लाज वाटली. आपण समजलो ते सगळं एकतर्फीच होतं की काय? फुंकर म्हणजे फुंकरच असेल, माणूस गरम चहावरही घालतो. ती प्रबंधाचं तोंड बघत बसून राहायची. बाबांनी एका स्थळाचा विषय काढला, तेव्हा ती 'बघू' म्हणाली. बाबा चपापले, कारण आजवर ती 'नाही' म्हणत आली होती.

अशाच एका दुपारी बेबीताई दारात उभ्या राहिल्या.

"जय भीम, गुर्जी. पोरगी हाय का घरी?"

"जय भीम. आहे ना. बसा."

त्या बसल्या नाहीत. धम्मशीला बाहेर आली, तशा तिच्याकडे बघून म्हणाल्या, "माय, तू काय सांगतलं माह्या पोराले? त्या पावसापासून आंगात ताप हाय. थंडी वाजते, कापते. तापाची गोयी घे म्हनलं तं घेत नाई. म्हन्ते, ताप राहू दे, तापानं आतला कॅन्सर मरते. धम्मशीलानंच सांगतलं."

"कॅन्सर?" तिला कळेना. "कुणाचा, काकू?"

बेबीताई तिच्याकडे पाहतच राहिल्या. "त्यानं तुले सांगतलं नाई?"

मग सगळं बाहेर आलं. कॉलेजात असताना संघपालला रक्ताचा कॅन्सर झाला होता. मुंबईला उपचार झाले. त्याचीच मज्जा काढून गोठवून ठेवली, जालीम औषधं देऊन आजार मारला, आणि मग तीच मज्जा परत त्याच्या अंगात सोडली. तेव्हापासून तो बरा होता. दोन ठिकाणी लग्न जुळत आलं, त्यानं आपण होऊन आजार सांगितला, दोन्हीकडून नकाराचे निरोप आले. तेव्हापासून तो फक्त दुसऱ्यांच्या लग्नाला जायचा.

 चोरासकट घर परत… सावकाश पुन्हा संसार मांडते. हसत हसत बोलली होती धम्मशीला हे, त्याच्या तोंडावर. तो इतके दिवस खेळ करत नव्हता. तो आपल्याच जिवाची चौकशी करत होता, आणि तिनं त्याला निकाल सांगून टाकला होता.

"अर्धं ऐकून मानूस असा जिवावर उदार होते," बेबीताई पदरानं डोळे टिपत म्हणाल्या. "चाल माय. तुयं ऐकीन तो."

तो आतल्या खोलीत दोन गोधड्या ओढून पडला होता. भर दुपारी खिडकी बंद, पंखा बंद. धम्मशीलानं पंखा लावला, खिडकी उघडली आणि थर्मामीटर त्याच्या तोंडात कोंबला. तो नुसता बघत राहिला. डोळे लाल झाले होते.

"एकशे तीन," ती म्हणाली.

"सेल्सियसमधी किती?"

"साडेएकोणचाळीसच्या आसपास."

"मंग थोडंच राह्यलं," तो पुटपुटला. "बेचाळीसले."

आणि इथं धम्मशीलाचा बांध फुटला. पुण्यात राहून घोटून घोटून कमावलेली शुद्ध भाषा कुठल्या कुठं गेली.

"बयाड झाला काय तू? अबे, बाहेर काढलेल्या मज्जेले डोकं नसते, काळीज नसते, किडनी नसते. तुले हाय ना. बेचाळीसले तिथं पेशी मरतीन, अन् इथं त्याच्या आगुदर तू मरशीन. मी भांड्यातल्या मज्जेले तापवतो. मान्साले नाई."

"तू ताप म्हनली होती."

 म्हणाली होती खरं. अंगातला ताप आणि चुलीचा ताप, आपल्या भाषेत दोन्हीला शब्द एकच, यात तिचा काही दोष नव्हता. पण तो शब्द तिनं गमतीखातर वापरला होता आणि ऐकणाऱ्यानं तो जिवाच्या आकांतानं धरून ठेवला होता. ती खाटेच्या कडेला बसली.

"ऐक," ती हळू म्हणाली. "त्या दिवशी मी अर्धवट बोलले. न तापवलेली मज्जा परत दिलेले कितीतरी लोक वर्षानुवर्षं ठणठणीत आहेत. जालीम औषधांनी आधीच बहुतेक सगळं मारलेलं असतं. तुझ्या मज्जेत चोर होता की नव्हता, हे मला माहीत नाही. कुणालाच नाही. पण हा ताप कशाचा आहे, हे मात्र कळू शकतं. रक्त तपासू."

"नाई."

"काऊन?"

"तपासलं की नाव पडते. अन् तेच नाव पडलं तं…" त्यानं भिंतीकडे तोंड केलं. बोलला तो भिंतीशीच. "तुले सांगनारच होतो, शीला. रोज ठरवत होतो. पन मले वाटलं, आंधी आतलं सारं जाळून टाकावं. साफ होऊन तुयाकडं यावं. मंग सांगावं."

 धम्मशीलाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तिनं ते पुसलंही नाही. हा वेडा माणूस तिच्यासाठी तापत पडला होता.

"गोळी घे," एवढंच ती म्हणाली. त्यानं घेतली.

बुलढाण्याला जायला पंजाबरावांनी गाडी काढली. काय चाललंय हे त्यांनी विचारलं नाही. पोरीचे डोळे पाहिले होते, तेवढं त्यांना पुरलं. बेबीताईंना मात्र घरीच थांबायला सांगितलं, त्यांचं रडं थांबत नव्हतं. राजूर घाट चढेपर्यंत संघपालचा घाम सुटून ताप उतरायला लागला होता. घाट भिजून हिरवागार झाला होता, पण मागच्या सीटवरच्या दोघांनी तो पाहिला नाही.

बुलढाण्याच्या दवाखान्यात रक्त दिलं आणि दोघं बाहेरच्या बाकावर बसले. बाबा चहा आणतो म्हणून गेले, आणि ते मुद्दाम गेलेत हे न कळण्याइतकी धम्मशीला लहान नव्हती. आतल्या दारावर निळा पडदा होता. तो हलला, की दोघंही तिकडे बघायचे. धम्मशीलानं अशा पडद्यांच्या आतल्या बाजूला किती वर्षं घालवली होती. काचेच्या पट्ट्या, सूक्ष्मदर्शक, पेशी मोजणं. बाहेर बाकावर बसणं काय असतं, हे तिला आज कळत होतं.

"संघपाल."

"हं."

"माझ्याशी लग्न करशील?"

तो एकदम तिच्याकडे वळला. "आता?"

"आता विचारतेय. लग्न सोयाबीन विकल्यावर."

तो हसायला गेला, पण हसणं अर्ध्यावरच राहिलं. "थांब थोडी. रिपोर्ट येऊ दे. चांगला आला तं मीच —"

"नाही. रिपोर्ट यायच्या आधी सांग." ती थांबली नाही. "चांगला रिपोर्ट आल्यावर दिलेला होकार त्या रिपोर्टचा असेल. वाईट आल्यावर तू मला माझ्या भल्यासाठी नकार देशील, ते तर मी आत्ताच सांगू शकते. मला तुझं उत्तर पाहिजे. तुझं एकट्याचं."

"अन् पुढं कधी आला तं? आज नाई, पन पुढं…"

"आला तर आपण दोघं इथं बसू. असेच. पण तोवरचे सगळे दिवस तू मला वाट पाहायला लावणार असशील, तर तो आजार न येताच जिंकला म्हणायचा."

संघपालनं खाली मान घातली. त्यानं शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत ओढून घेतल्या. तिनं विचारलं, "थंडी वाजते का परत?"

"नाई," तो म्हणाला. "भेव वाटून राह्यलं." आणि मग तिच्या हातावर आपला हात ठेवून, अगदी हळू, "तरी हाव. करतो मी लग्न."

धम्मशीलानं त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. तेव्हाच निळा पडदा सरकला आणि डॉक्टरीणबाई कागद वाचत बाहेर आल्या.

"संघपाल कोण? तुम्ही? मलेरिया आहे. बाकी सगळ्या पेशी मी स्वतः बघितल्या, तुमचा आधीचा आजार सांगितला होता म्हणून. काही वावगं दिसत नाही. नेहमीची तपासणी मात्र चुकवू नका. आणि इतके दिवस ताप अंगावर काढला कशाला?"

दोघं एकमेकांकडे बघून हसायला लागले. हसता हसता धम्मशीला रडायला लागली आणि तो तिला रडू नको म्हणता म्हणता स्वतः रडायला लागला. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा एकदा कागद पाहिला. मलेरिया ऐकून इतकं खूश झालेलं जोडपं त्यांच्या दवाखान्यात पहिल्यांदाच आलं असावं.

चहाचे पेले आणि बिस्किटाचा पुडा घेऊन पंजाबराव दारातच थबकले. त्यांनी आधी रडणारी पोरगी पाहिली, मग हातात हात पाहिले आणि मग डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं.

"मलेरिया," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"असं," पंजाबराव म्हणाले. त्यांनी एक पेला संघपालच्या हातात दिला आणि त्याच्या शेजारी बसले. "बिस्कूट बुडवून खा. औषध उपाशीपोटी घ्यायचं नसतं. आणि बरा झाला, की घरी ये. मला तुझ्याशी बोलायचंय."

"हाव, गुर्जी."

"गुर्जी शाळेत म्हणायचं," बाबा म्हणाले, आणि आपल्या चहावर फुंकर घालू लागले.

धम्मशीलानं फोन लावला. पहिल्या रिंगलाच उचलला गेला. पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. विचारायचीही हिंमत होत नव्हती बेबीताईंना.

"मलेरिया आहे," धम्मशीला म्हणाली. "फक्त मलेरिया. दुसरं काही नाही. ऐकताय ना, आई?"

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि बेबीताईंनी विचारलं, "काय म्हनली तू मले?"

"आई म्हटलं."

"परत म्हन बरं एकडाव."

"आई."

"घाटात गाडी हळू आनजा," बेबीताई म्हणाल्या. "मी सैपाक करून ठेवतो. चौघाईचा."